अ‍ॅसिडिटीच्या एकवीस गोळ्या

दुसऱ्यांच्या चुका शोधून काढायचा मला पगार मिळायचा. शतक बदलायला दोन-अडीच वर्षं उरली होती. तारीख उलटली की जगातले सगळे कॉम्प्युटर वेडे होणार अशी भीती होती आणि त्या भीतीवर पुण्यात माझ्यासारख्या कितीतरी जणांची चूल पेटत होती. मी टेस्टर होते. एखाद्या प्रोग्रॅमसमोर बसलेला माणूस कुठे कुठे चुकेल, याचा आधीच विचार करून यादी करायची, हे माझं काम. मी ते बरं करायचे. साहेब म्हणायचे, हिच्या नजरेतून काही सुटत नाही. माझाही त्यावर विश्वास होता, म्हणून हे आधीच सांगून ठेवते.

लग्न होऊन तीन महिने झाले होते. सासरे खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होते, त्यामुळे आम्ही चौघं कारखान्याच्या क्वार्टरमध्ये राहायचो. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागे फरशी घातलेलं अंगण. सासू-सासरे मूळचे भंडाऱ्याकडचे. बदलीवर पुण्यात येऊन वीस वर्षं झाली होती, पण सासूबाईंच्या बोलण्याची बदली झाली नव्हती. मी यवतमाळची. पुण्यात शिकायला आले तेव्हा कॉलेजातल्या मुली माझ्या 'का'ऐवजीच्या 'काहून'ला हसल्या. त्यानंतर मी पंधरा दिवसांत माझी भाषा इस्त्री करून घेतली. सासूबाई मात्र विहारातल्या महिला मंडळाच्या अध्यक्ष होत्या आणि भर सभेत 'काहून' म्हणायच्या. हसायची कोणाची टाप नव्हती.

नवरा मार्केट यार्डातल्या एका बँकेत होता. दोन-तीन वर्षं मूल नको, यावर आमचं एकमत होतं. कसं नको, यावर त्याचं मत "बघू" एवढंच होतं. 'बघू' ही पद्धत किती बेभरवशाची असते हे मला कामाच्या अनुभवावरून ठाऊक होतं. म्हणून एका शनिवारी मी एकटीच मंडईजवळच्या एका डॉक्टरबाईंकडे गेले.

बाई साठीच्या होत्या. जिना चढून गेलं की एक लांबट खोली होती, तिच्यात एक टेबल, एक पडदा आणि त्या. त्यांनी माझा रक्तदाब मोजला, वजन घेतलं आणि प्रश्न विचारायला सुरुवात केली. सिगारेट ओढतेस का. डोकं अर्धंच दुखतं का, दुखण्याआधी डोळ्यांपुढे प्रकाशाच्या रेघा येतात का. घरात कोणाला पायाच्या शिरेत रक्ताची गाठ झाली होती का. कावीळ, छातीत गाठ, क्षयाचं किंवा फिटचं औषध चालू आहे का. पाळी वेळेवर येते का. मी भराभर 'नाही, नाही, नाही, हो' म्हणत गेले. नोकरीच्या मुलाखतीतही मी इतकी पटापट पास झाले नव्हते.

मग त्यांनी टेबलावर गोळ्यांचं एक पाकीट ठेवलं. एकवीस बारीक गोळ्या, प्रत्येकीपुढे वार लिहिलेला आणि पुढच्या गोळीकडे जाणारा बाण.

"पाळीच्या पहिल्या दिवशी सुरू करायची. रोज एक, रोज एकाच वेळेला. एकवीस झाल्या की सात दिवस सुट्टी. आठव्या दिवशी नवीन पाकीट, पाळी थांबलेली असो वा नसो. समजलं?"

"हो."

"सगळ्याच हो म्हणतात. एक गोळी राहिली तर आठवेल तेव्हा लगेच घ्यायची, मग त्या दिवशी दोन झाल्या तरी चालतील. दोन किंवा जास्त राहिल्या तर मला विचारायचं. स्वतःचं डोकं चालवायचं नाही. गोळी घेतल्यावर लगेच उलटी झाली तर दुसरी घ्यायची. पहिले दोन-तीन महिने मळमळेल, मध्येच थोडे डाग दिसतील, त्याला घाबरायचं नाही. पण एकाच पायाची पोटरी सुजून दुखायला लागली, छातीत कळ आली, दम लागला, कधी दुखलं नाही असं डोकं दुखलं, अंधुक दिसलं, तर गोळी बंद आणि तडक इकडे. फोन करत बसायचं नाही."

मी वहीत लिहून घेत होते. बाईंनी ते पाहिलं.

"हे सगळं पाकिटातल्या कागदावर छापलेलं आहे. तो कागद टाकू नकोस. आणि ही गोळी तुझी आहे. मैत्रिणीला चालेल, जावेला चालेल, असं नाही. घरात सांगितलंयस?"

"नाही."

"सांगून टाक. लपवलेलं औषध घरात बरं नसतं."

मी मान डोलावली. न पटलेल्या सूचनेवर ऑफिसातही मी तशीच मान डोलवायचे.

सोमवारी ऑफिसात गेल्यावर पहिलं काम काय केलं असेल तर एक्सेलमध्ये तक्ता मांडला. एकवीस हिरवे चौकोन, सात पिवळे, परत एकवीस हिरवे. रोज सकाळी कॉम्प्युटर चालू केला की आठवण करून देणारी एक चौकट वर यायची. मी घरून सव्वासातला गोळी घेऊन निघायचे आणि ऑफिसात त्या दिवसाच्या चौकोनावर खूण करायचे. एक दिवस आमचे साहेब मागे येऊन उभे राहिले आणि पडद्याकडे कौतुकानं बघू लागले. त्यांना ते रिलीजचं वेळापत्रक वाटलं.

"प्लॅनिंग चांगलं आहे," ते म्हणाले, "पण हे पिवळे सात दिवस वाया का घालवतेस? तेही कामाला लाव."

मी म्हटलं, बघते.

बाईंनी सांगितलं होतं तशी मळमळ सुरू झाली. सकाळचा चहा नकोसा व्हायचा. सासूबाईंची नजर माझ्या नजरेपेक्षा तयार होती, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. चौथ्या दिवशी त्यांनी माझ्या हातातला कप काढून घेतला आणि आवाज खाली आणून विचारलं, "काही हाय का वं?"

त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद होता की मी घाबरले. नाही म्हणायला हवं होतंच, पण कारणही द्यायला हवं होतं.

"नाही आई, अ‍ॅसिडिटी आहे. डॉक्टरांनी रोज एक गोळी दिलीय."

त्या क्षणी मला माझी हुशारी फार आवडली. एकाच थापेत मळमळीचंही उत्तर मिळालं आणि रोजच्या गोळीचंही. आता लपवाछपवी नको, असं ठरवून मी जादाची पाकिटं सरळ स्वयंपाकघरातल्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवली. घरची सगळी औषधं त्याच डब्यात असायची. वरच्या वेष्टनावर नको ते छापलेलं होतं म्हणून ते फाडून टाकलं. आतला कागदही टाकला. उरली ती नुसती चकचकीत पट्टी, वार आणि बाण. मला वाटलं, ही झाली सुरक्षा.

त्या थापेची शिक्षा मला दुसऱ्याच दिवसापासून मिळाली. सासूबाईंच्या हातचा रस्सा म्हणजे वर बोटभर लाल तर्री, खाताना कपाळावर घाम. तो माझ्या ताटातून गेला. माझ्यासाठी वेगळं फिकं वरण शिजू लागलं. रविवारी घरात मटण व्हायचं, सगळे नाक ओढत जेवायचे आणि मी दुधी भोपळ्याकडे बघत बसायचे. "अ‍ॅसिडिटीले तिखट नाही चालत," सासूबाई मायेनं म्हणायच्या. नवऱ्याला खरं माहीत होतं. तो मान खाली घालून हाड चोखायचा.

तीन महिन्यांत मळमळ गेली. दुधी राहिला.

सहा महिने सगळं सुरळीत चाललं, आणि मग कंपनीनं मला तीन आठवड्यांसाठी बंगलोरला पाठवलं. चालू पाकीट आणि पुढचं एक, अशी दोन पाकिटं मी सोबत घेतली. तक्ता न्यायचं राहिलं. तो पुण्यातल्या कॉम्प्युटरवर होता. मला वाटलं, रोज एक गोळी घ्यायला तक्ता कशाला लागतो. पण सहा महिने मी गोळी आठवणीनं घेत नव्हतेच. ती चौकट मला रोज जाब विचारायची म्हणून घेत होते, हे बंगलोरला कळलं. दुसऱ्या आठवड्यात काम अंगावर आलं, शनिवार-रविवार ऑफिसातच गेले, आणि सोमवारी सकाळी पाकीट उघडलं तर शनिवार आणि रविवार दोघेही आपापल्या जागी बसलेले.

दोन राहिल्या तर विचारायचं, एवढं लक्षात होतं. मी एसटीडी बूथमध्ये गेले. मागे रांग होती. इथे मराठी कोणाला कळतंय, या भरवशावर मी बाईंना मोठ्यानं सगळं सांगितलं.

"कितव्या आठवड्यातल्या?" बाईंनी विचारलं.

"तिसऱ्या."

"आत्ता एक घे. राहिलेल्या रोज एक घेऊन पाकीट संपव. या खेपेला सात दिवसांची सुट्टी घ्यायची नाही, लगेच दुसरं पाकीट सुरू करायचं. आणि पुढचे सात दिवस निरोध वापरायचा."

"डॉक्टर, नवरा पुण्यात आहे."

"मग त्याचं सोपं झालं," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

मी वळले. मागे उभ्या असलेल्या गृहस्थांनी शुद्ध मराठीत विचारलं, "झालं का तुमचं?"

तिकडे माझी ही तऱ्हा चालली असताना इकडे खडकीत काय घडत होतं, ते मला नंतर तुकड्यातुकड्यांनी कळलं. सासूबाई एका लग्नाला जाऊन आल्या, तिथलं जेवण त्यांना बाधलं, छातीत जळजळ सुरू झाली. त्यांना सुनेच्या गोळ्या आठवल्या. सून सहा महिने त्याच गोळ्या घेते आणि ठणठणीत आहे, म्हणजे औषध चांगलंच असणार. त्यांनी डबा उघडला, पट्टी काढली. इतकी सोयीची गोळी त्यांनी आधी पाहिलीच नव्हती. कुठून सुरू करायचं, पुढे कुठे जायचं, सगळं बाणानं दाखवलेलं. दुपारी जेवण झालं की कारखान्याचा भोंगा व्हायचा. भोंगा झाला की सासूबाई गोळी घ्यायच्या. बारा दिवस त्यांनी हे केलं. मग जळजळ काही जाईना, उलट मळमळायला लागलं, म्हणून त्यांनी औषध वाईट ठरवून सोडून दिलं.

मी परत आले तेव्हा त्या बऱ्या दिसत होत्या. तीन-चार दिवसांनी मात्र गप्प झाल्या. मंडळाच्या बैठकीला गेल्या नाहीत. रविवारी मी अंगणात कपडे पिळत होते, तेव्हा त्या येऊन पायरीवर बसल्या.

"तुले एक सांगतो," त्या म्हणाल्या. "कोणाले सांगू नको. तुह्या सासऱ्याले तर अजिबात नाही."

मी हातातली चादर तशीच बादलीत सोडली.

"मले अंगावरून जाऊन राहिलं. कालपासून."

त्यांची पाळी जाऊन सहा वर्षं झाली होती. त्या फरशीकडे बघत बोलत होत्या. त्यांच्या मोठ्या बहिणीचं असंच सुरू झालं होतं. तिनं कोणाला सांगितलं नाही, आणि सांगितलं तेव्हा नागपूरच्या डॉक्टरांनी हात टेकले. "मले माहीत हाय ते काय असते," त्या म्हणाल्या. आवाज अगदी साधा होता, दूध संपलंय सांगावं तसा.

मी त्यांच्या शेजारी बसले. ओले हात पदराला पुसले आणि त्यांचा हात धरला. त्यांनी तो सोडवून घेतला नाही, तेव्हा मला खरी भीती वाटली.

सोमवारी मी अर्धी रजा टाकली. मंडईजवळच्या बाईंकडेच जायचं ठरवलं. दुसऱ्या कोणाला मी ओळखत नव्हते. निघताना सासूबाईंच्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या डॉक्टरांना दाखवायला बरोबर घ्याव्यात म्हणून बिस्किटांचा डबा उघडला. तळाशी माझी पट्टी होती. चौदा घरं फुटलेली, सात गोळ्या शिल्लक.

मी त्या पट्टीकडे किती वेळ बघत उभी होते, सांगता येत नाही. प्रोग्रॅम कुठे फसला हे सापडलं की टेस्टरला एक आनंद होतो. तसला आनंद मला क्षणभर झाला, हे कबूल करायला हवं. म्हणजे हे त्यांच्या बहिणीसारखं नव्हे, असं आधी वाटलं. मग बाकीचं सगळं लक्षात आलं आणि मी पट्टी पर्समध्ये टाकली.

रिक्षात सांगायचं ठरवलं. शिवाजीनगर येईपर्यंत मी तीनदा "आई" म्हटलं आणि तीनदा ऊन फार आहे असं सांगितलं. सासूबाईंनी शेवटी माझ्या पाठीवर थोपटलं. त्यांना वाटलं, मी त्यांच्या काळजीनं अशी झालेय.

बाईंनी त्यांना समोर बसवून काय होतंय ते ऐकून घेतलं. मग विचारलं, "काही औषध चालू आहे?" सासूबाईंनी ब्लडप्रेशरचं सांगितलं. मी पर्समधून पट्टी काढली आणि टेबलावर ठेवली.

"हे पण," मी म्हटलं.

"हो, ती अ‍ॅसिडिटीची," सासूबाई म्हणाल्या. "सुनेची हाय. काही गुण नाही आला."

बाईंनी पट्टीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मला वाटलं, त्याच बोलतील. त्या बोलल्या नाहीत. हे मीच सांगायचं आहे, हे त्यांच्या गप्प बसण्यावरून समजलं.

"आई, ती अ‍ॅसिडिटीची नाही. मूल न होण्याची आहे. मी तुमच्याशी खोटं बोलले."

सासूबाई माझ्याकडे बघत राहिल्या. बाईंनी कागद पुढे ओढला.

"किती घेतल्या तुम्ही?"

"बारा."

"रोज?"

"रोज. भोंग्याले."

"एकही चुकली नाही?"

"औषध हाय, चुकन कसं?"

बाईंनी मान माझ्याकडे वळवली. "ऐकतेयस ना?" त्या म्हणाल्या. बंगलोरचा फोन त्या विसरल्या नव्हत्या. "इथे तर चौदा गेल्यात. दोन कुठायत?"

"शेजारच्या काकूले दिल्या. तिच्या पोटात गॅस धरला होता. तिले मात्र दोन गोळ्यात आराम पडला."

बाईंच्या तोंडाचा कोपरा हलला, पण रक्तदाब मोजायला घेतल्यावर तो परत जागेवर गेला. आकडा एकशे सत्तरच्या वर होता. सासूबाईंनी शांतपणे सांगितलं की दोन गोळ्या पोटात भांडतील म्हणून त्या बारा दिवसांत ब्लडप्रेशरची गोळी बंद ठेवली होती. नंतर ती सुरू करायची राहूनच गेली.

बाईंनी पेन खाली ठेवलं. आता त्यांच्या आवाजात तिरकसपणा नव्हता. पन्नाशी उलटलेल्या, ब्लडप्रेशर असलेल्या बाईला ही गोळी देत नाहीत, त्या म्हणाल्या. रक्तात गाठ होऊ शकते. पायात, छातीत, डोक्यात. त्यांनी सासूबाईंना पडद्यामागे नेलं, दोन्ही पोटऱ्या दाबून पाहिल्या, डोकं दुखलं का, दम लागला का, हातपाय बधिर झाले का विचारलं. मी पडद्याबाहेर उभी राहून प्रत्येक 'नाही' मोजत होते. याच प्रश्नांना मी सहा-सात महिन्यांपूर्वी किती ऐटीत उत्तरं दिली होती.

"गोळी सोडल्यामुळेच अंगावरून जात असणार," बाहेर आल्यावर बाई म्हणाल्या. "बहुतेक. पण पाळी गेल्यावर असं झालं की बहुतेकवर थांबता येत नाही. सोनोग्राफी करू आणि आतल्या अस्तराचा नमुना तपासू. ब्लडप्रेशरची गोळी आजपासून परत चालू."

मग मला म्हणाल्या, "आणि तू पाकिटातल्या कागदाचं काय केलंस?"

"टाकला."

"छान," त्या म्हणाल्या.

आम्ही रिक्षानं परत निघालो. पुलावर सिग्नल लागला तेव्हा सासूबाई बोलल्या.

"मले सांगितलं असतं तर मी काय खाऊन टाकलं असतं तुले?"

मी मांडीवरची पर्स सरळ केली.

"मले चार झाले. दोनच पाहिजे होते. भंडाऱ्याले एक नर्स होती, तिनं मले गुपचूप गोळ्या दिल्या होत्या. माह्या सासूनं पाहिल्या न् चुलीत टाकल्या. चौथ्यानंतर आप्रेशन झालं, तेव्हा मी सुटली." सिग्नल सुटला, रिक्षा चालू झाली. मग त्या परत म्हणाल्या, "लपवलं ते समजतो मी. पण सहा महिने मी तुह्यासाठी वेगळं फिकं वरण शिजवून राहिली, ते काहून?"



रिपोर्ट यायला आठ दिवस लागले. ते आठ दिवस मला अजून नीट आठवतात. सोनोग्राफी बरी होती, पण नमुन्याचं काय निघेल ते कोणी सांगत नव्हतं. बहुतेक म्हणजे किती, याचा मी ऑफिसात बसून हिशेब करत होते. घरी सासूबाई नेहमीसारख्या वावरत होत्या. फक्त संध्याकाळच्या वंदनेला जरा जास्त वेळ बसायच्या. चौथ्या दिवशी त्यांनी सासऱ्यांना सगळं सांगून टाकलं. कोणाला सांगू नको हा नियम त्यांनी स्वतःच मोडला. बहिणीसारखं गप्प राहायचं नाही, एवढंच त्या म्हणाल्या. सासऱ्यांनी मला एक शब्द विचारला नाही. ते दुसऱ्या दिवशी कारखान्यातून येताना सासूबाईंसाठी संत्री घेऊन आले, आणि त्यातली दोन माझ्यापुढे ठेवली. मी न्हाणीघरात जाऊन रडले. लपून करायची सवय तोपर्यंत पक्की झाली होती.

रिपोर्ट चांगला आला. बाईंनी तो दोनदा वाचला आणि म्हणाल्या, "काही नाही. गोळीचाच प्रताप." सासूबाईंनी हात जोडले. मग छातीतल्या जळजळीचं विचारलं. बाईंनी खरोखरीची अ‍ॅसिडिटीची गोळी लिहून दिली आणि तर्री कमी करायला सांगितली. त्यातलं पहिलं सासूबाईंनी ऐकलं.

त्या दिवसापासून माझी गोळी हा घरचा जाहीर कार्यक्रम झाला. सव्वासातला मी चहा घेत असायचे, सासरे समोर पेपर वाचत असायचे, आणि आतून खणखणीत आवाज यायचा, "घेतली का वं?" सासरे खाकरायचे आणि पेपर आणखी वर धरायचे. मी "हो आई" म्हणायचे. गोळी पुढे कधी चुकली नाही. ऑफिसातला तक्ता मी पुसून टाकला. सात दिवसांची सुट्टी कधी सुरू होते आणि कधी संपते, हेही सासूबाईंना पाठ होतं. आठव्या दिवशी त्या नवीन पाकीट माझ्या बशीत ठेवायच्या, वेष्टनासकट, कागदासकट. तो कागद त्यांनी वाचून घेतला होता, माझ्याचकडून, चष्मा लावून समोर बसून. "इथं लिहिलंच हाय की," प्रत्येक ओळीला त्या म्हणायच्या.

पुढच्या महिन्यात विहारात महिला मंडळाची बैठक होती. मला मुद्दाम नेलं. मला वाटलं, कॉम्प्युटरवर चार शब्द बोलायला सांगतील. मी मनात तयारीही केली होती. सासूबाई उभ्या राहिल्या आणि चाळीस बायांसमोर त्यांनी पहिल्यापासून सगळं सांगितलं. बहिणीचं सांगितलं, अंगावरून गेलेलं सांगितलं, पोटऱ्या दाबून पाहिल्या तेही सांगितलं. दुसऱ्याच्या डब्यातली गोळी घ्यायची नाही. ब्लडप्रेशरची गोळी स्वतःच्या मनानं सोडायची नाही. मूल पाहिजे की नाही हे ठरवायला लाजायचं नाही, पण गोळी सुरू करायच्या आधी ब्लडप्रेशर मोजून घ्यायचं.

"माही सून कंपुटरमध्ये हाय," त्या म्हणाल्या. "लोकायच्या चुका पकडते. तिनं डब्यात काय ठेवलं ते तिलेच नाही समजलं. मंग तुमची-माही काय गोष्ट."

चाळीस माना माझ्याकडे वळल्या. मी पुण्यात शिकलेलं सगळं मराठी त्या वेळी विसरले. तेवढ्यात मागच्या रांगेतून आमच्या शेजारच्या काकू उठल्या.

"म्हणजे मले ज्या दोन दिल्या त्या?"

"त्याच," सासूबाई म्हणाल्या.

काकूंनी थोडा विचार केला. "पण गॅस गेला होता," त्या म्हणाल्या आणि खाली बसल्या.

बैठक संपल्यावर तीन मुली माझ्याभोवती आल्या. एकीचं लग्न महिन्यावर आलं होतं, एकीला दोन मुलं होती. तिसरी म्हणाली की नवरा रात्रपाळीला असतो, तिला मधूनमधून घेतली तर चालेल का. मी उत्साहानं सांगायला तोंड उघडलं आणि बाईंचा चेहरा आठवला. "मधूनमधून नाही चालत, रोजच घ्यावी लागते," एवढंच सांगितलं, "बाकी डॉक्टरांना विचार." आणि मंडईजवळचा पत्ता लिहून दिला. त्या सगळ्या प्रकरणात मी केलेलं हे एक काम बरोबर होतं.

दोन वर्षांनी आम्हाला मूल हवंसं वाटलं. तोवर तारखा उलटून गेल्या होत्या, एकही कॉम्प्युटर वेडा झाला नव्हता, आणि मी बढती मिळून दुसऱ्या टेस्टरांना शहाणपण शिकवत होते. गोळी बंद करून काही महिने शरीराला विश्रांती द्यावी लागते, असं ऑफिसातल्या एकीनं सांगितलं होतं. मी ते जवळजवळ मानलं. सासूबाई म्हणाल्या, विचारून ये. बाई म्हणाल्या, विश्रांती वगैरे काही लागत नाही, हवं तेव्हा बंद कर. चौथ्या महिन्यात दिवस राहिले. मुलगी झाली.

बाळंतपणानंतर दाखवायला गेले तेव्हा सासूबाई नातीला मांडीवर घेऊन बाजूला बसल्या होत्या. मी निघायच्या तयारीत होते, पर्स उचलली होती. त्यांनीच विचारलं.

"डॉक्टरीणबाई, ही दूध पाजते. हिले ती जुनी गोळी आता चालते का?"

"नाही," बाई म्हणाल्या. "दूध पाजतेय तोवर, सहा महिने तरी, ती नाही. तांबी बसवता येईल, किंवा दुसरी गोळी आहे दूध पाजणाऱ्यांसाठी. बरं झालं विचारलंत."

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तू काय ठरवलं होतंस?"

डब्यात अर्धं पाकीट उरलं होतं आणि मी सोमवारपासून तेच सुरू करणार होते. मी ते सांगितलं. बाईंनी सुस्कारा सोडला आणि लिहायला कागद पुढे ओढला. सासूबाईंनी नातीच्या अंगावरचं दुपटं नीट केलं आणि तिला हळूच सांगितलं, "आईचं ऐकू नको वं माय."